थोरले मैदानात उतरतात

"बास्केटबॉलच्या बुटांमधलं ज्याला काही कळत नाही त्याने माझ्याकडे यावं, आणि ज्याला सगळं कळतं त्याने तर यावंच यावं!" बूटसाहेब हे छातीठोकपणे सांगत. सांगत कोणाला? तर जो सापडेल त्याला! माणूस दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकलेला असला, तरी त्या बिचाऱ्याची सुटका नव्हती.

म्हणजे त्याचं असं, की बूटसाहेब लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसत. लिफ्ट अडकली की आतल्याने लाल बटण दाबायचं आणि इकडे साहेबांनी फोन उचलायचा. "अजिबात घाबरू नका, मी आहे!" हे वाक्य ते दिवसभर इतक्यांदा म्हणत, की शेवटी त्यांचा स्वतःचाच त्यावर पक्का विश्वास बसला होता. मेकॅनिक पोचेपर्यंत आतल्या माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवणं, हाही कामाचाच भाग. मग साहेब विचारत, "पायात काय आहे आपल्या?"

"चप्पल!" आतून रडवेला आवाज येई.

"अरेरे!" साहेब मनापासून हळहळत. "बरं, असू द्या. तरीपण घाबरू नका."

घरात खोल्या तीन होत्या, पण 'खोली' म्हटलं की ती एकच. तिथे भिंतभर फळ्या, फळ्यांवर पारदर्शक डबे आणि डब्यांत बास्केटबॉलचे उंच घोट्याचे बूट, चाळीसेक जोड! चवड्यांत कागदाचे बोळे कोंबलेले, कोपऱ्यांत दमटपणा शोषणाऱ्या पुड्या ठेवलेल्या, खिडकीला जाड पडदा आणि वर एसी. घरातला एकुलता एक एसी! माणसं हॉलमध्ये पंख्याखाली घाम पुसत बसलेली आणि बूट आत गारेगार.

साहेबांची बायको हॉस्पिटलात नर्स. दिवसभर उभं राहून पाय दुखवून घरी यायची आणि त्या बंद दाराकडे बघून म्हणायची, "पुढच्या जन्मी मी बूट होणार."

"मग मी घेईन की तुला!" साहेब लाडात येत.

"घ्याल हो! पण बाहेर नेणार नाही कधी."

खोटं नव्हतं ते. कारण बूट जमवणाऱ्या या मंडळींचा पहिला नियमच असा, की बूट घ्यायचा तो ठेवायला. घातला की संपला! चवड्यावर एक आडवी घडी पडली की त्या बुटाचं कौमार्य गेलं म्हणून सगळे शोक करणार. अगदीच एखाद्या मेळाव्याला घालून जायची वेळ आली तर चवडा न वाकवता चालायचं. पाऊल सपाट उचलायचं, सपाट टेकवायचं, मधे बदकासारखं डुलायचं. साहेबांना ही चाल इतकी छान जमे की मेळाव्यात नवशिके त्यांच्याकडून धडे घेत.

आणि सगळ्या बुटांत मानाचे ते 'थोरले'. पांढरेशुभ्र, लाल टाचेचे. साहेब कॉलेजात असताना एका लंबूटांग खेळाडूने अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी बॉल रिंगमध्ये घातला, तेव्हा त्याच्या पायात असले बूट होते. साहेब दुकानाबाहेर पहाटेपासून रांगेत उभे राहिले आणि जोडी घेऊन आले. तेव्हापासून थोरल्यांचा तळ जमिनीला लागलेला नव्हता. सुट्टीच्या दिवशी साहेब डबा उघडत, बघत, एक सुस्कारा सोडत आणि डबा बंद करत. झाला त्यांचा आठवडा सार्थकी!

आता एक गोष्ट स्पष्टच सांगून टाकलेली बरी. बूटसाहेब जन्मात कधीही बास्केटबॉल खेळलेले नव्हते. बॉल त्यांनी एकदाच हातात धरला होता, तोही कोणाचा तरी उन्हात पडला होता म्हणून सावलीत नेऊन ठेवायला!

घोळ झाला तो पोरीच्या मुरगळलेल्या पायामुळे. साहेबांची मुलगी चिमणी शाळेच्या बास्केटबॉल संघात होती. संघात सगळ्यात बुटकी, पण चपळ अशी की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. एकदा सरावात तिचा घोटा मुरगळला आणि कोचबाई तिला स्वतः घरी सोडायला आल्या. बाहेर मरणाचं उकडत होतं.

"आत बसा बाई, आत गार आहे," म्हणून साहेबांनी त्यांना खोलीत नेलं.

बाई दारातच थबकल्या. त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर फिरवली. "हे... हे सगळे तुमचे?"

"माझेच!"

"म्हणजे तुम्ही पूर्वी चांगलेच..."

साहेबांची नजर थोरल्यांवर गेली. पहाटेची ती रांग डोळ्यांसमोर उभी राहिली. सुस्कारा आपोआप सुटला. "काय सांगू बाई! ते दिवसच वेगळे होते. काय गर्दी, काय आरडाओरडा! अंगावर काटा यायचा."

"मग सोडलंत का? दुखापत?"

"झाली ना! एका धटिंगणाने पायावर पाय दिला. आजही आठवलं की कळ येते."

तो धटिंगण रांगेतला होता, हे सांगायचं साहेबांच्या लक्षातच आलं नाही. कोचबाईंनी आदराने मान खाली घातली. आणि पलीकडे सोफ्यावर पाय वर करून बसलेल्या चिमणीचे डोळे बशीएवढे झाले.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या शाळेला कळलं, की चिमणीचा बाबा एके काळी जबरदस्त खेळाडू होता. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात कोचबाईंचा फोन आला. दरवर्षी होतो तसा मुलं विरुद्ध पालक सामना आहे, पालकांचे कप्तान तुम्ही!

"नाही म्हणा," बायको म्हणाली. "आणि पोरीला खरं काय ते सांगून टाका."

"अगं, त्यात काय? जगातला प्रत्येक बूट मी टाचेवरून ओळखतो! बॉल काय चीज आहे? एकच तर बॉल असतो!"

तेवढ्यात चिमणी आली आणि बापाच्या पुढ्यात उभी राहिली. एकदम गंभीर. "बाबा, एक सांगू? मी बुटकी आहे ना, म्हणून सगळे मला सोडतात. मी बॉल घेऊन आले की 'जाऊ दे बिचारीला' म्हणून बाजूला होतात. सगळे! मोठी माणसं तर सगळ्यात जास्त. मला एकदा तरी खरं जिंकायचंय. तू मला सोडायचं नाहीस. सोडलंस ना, तर मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही!"

"सोडतो की काय!" साहेब गरजले. "मी आणि सोडणार?"

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस!"

बायकोने कपाळाला हात लावला. साहेब मात्र त्याच संध्याकाळी सरावाला लागले. मोज्यांचे गोळे करायचे आणि धुण्याच्या बादलीत नेम धरायचा. पहिल्या दिवशी निम्मे मोजे कपाटावर गेले, एक पंख्याला लटकला आणि एक थेट दुधाच्या पातेल्यात! "हात बसतोय," साहेब समाधानाने म्हणाले.

सामन्याच्या आदल्या दिवशी, घोटा बरा झालेल्या चिमणीने विचारलं, "बाबा, उद्या थोरले घालशील ना?"

साहेबांनी खोलीत जाऊन दार लावलं आणि डबाभाऊंना फोन केला. डबाभाऊ म्हणजे साहेबांचे जिवलग. चष्म्याचं दुकान चालवायचे आणि नंबर काढायच्या भिंगातून बुटांची शिवण तपासायचे. हे गृहस्थ बुटांचे मूळ खोकेही जपत, म्हणून हे नाव.

"अरे, वेड लागलंय का तुला? घडी पडेल!" डबाभाऊ ओरडले.

"पडू दे."

"काय बोलतोयस तू? आधी पाणी पी बघू!"

"पोरीसाठी रे," साहेब म्हणाले.

मग डबाभाऊ हळूच म्हणाले, "मी येतो उद्या. अशा वेळी आपलं माणूस जवळ असावं."

सामन्याचा दिवस उजाडला. साहेब गाडीतून उतरले ते थोरल्यांवर अंघोळीच्या टोप्या चढवून! मैदानाच्या कडेला डबाभाऊंनी गुडघ्यावर बसून दोन्ही टोप्या अलगद उतरवल्या, तळ रुमालाने पुसले आणि तोंड फिरवून डोळे टिपले. साहेबांनी पहिलं पाऊल टाकलं. सपाट उचललं, सपाट टेकवलं, मधे डुलले.

पालकांच्या संघातल्या बेकरीवाल्यांनी शेजारच्या उंच बँकवाल्या बाईंना कोपराने ढोसलं. "बघा, गुडघा पार गेलाय माणसाचा! तरी उतरतोय. याला म्हणतात जिद्द!"

शिट्टी वाजली. पोरं सैरावैरा धावत सुटली, पालक धापा टाकत त्यांच्या मागे. साहेब मात्र मैदानाच्या मधोमध उभे. हलायलाच तयार नाहीत! धावलं की चवडा वाकणार, चवडा वाकला की घडी पडणार, हा हिशोब पक्का.

"पाहिलंत?" कोचबाई तोंडात शिट्टी धरूनच लोकांना समजावू लागल्या. "मुरलेला खेळाडू उगाच धावत नाही. तो उभ्या जागी खेळ वाचतो!"

इतक्यात बॉल गरगरत थेट थोरल्यांच्या रोखाने आला. बुटाच्या पांढऱ्या चामड्यावर डाग? छे! साहेबांनी खाली वाकून दोन्ही हातांनी बॉल जिवाच्या आकांताने दूर ढकलला. तो नेमका बँकवाल्या बाईंच्या हातात! बाईंनी उडी मारली. बॉल रिंगमध्ये!

"काय पास दिलाय! न बघता!" सगळे किंचाळले. साहेबांनी हात उंचावून टाळ्या घेतल्या. आपण हे केलंय म्हटल्यावर ते मुद्दामच केलं असणार, अशी त्यांची स्वतःचीही खात्री पटत चालली होती.

मग काय विचारता! बॉल बुटाजवळ आला की साहेब तो भिरकावून देत आणि कोणी ना कोणी तो झेलून रिंगमध्ये घालत असे. पोरांनी धसका घेतला. ती साहेबांना लांबून वळसा घालून जाऊ लागली. एरवी पालक सपाटून हरायचे, त्या दिवशी सामना बरोबरीत आला! चिमणीचे गाल लालबुंद, कपाळावर केस चिकटलेले. बापाकडे बघून तिने दातओठ खाल्ले. पण कोणीतरी तिला सोडत नव्हतं, त्यामुळे एवढी खूश ती कधीच दिसली नव्हती.

शेवटचे दहा-बारा सेकंद उरले. पोरांच्या संघातली एक ताडमाड मुलगी बॉलमागे धावता धावता तोल जाऊन साहेबांवर आली आणि तिचा पाय पडला तो थेट डाव्या थोरल्यावर!

"मेलोऽऽऽ!"

साहेब असे काही किंचाळले की शेजारच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. कोचबाईंच्या तोंडातली शिट्टी आपोआप वाजली. "फाउल! जुन्या दुखापतीवरच पाय! यांना एक फ्री थ्रो!" म्हणजे मधे कोणीही यायचं नाही, आखलेल्या रेषेवरून साहेबांनी निवांतपणे रिंगवर नेम धरायचा. गेला बॉल आत तर सामना पालकांचा.

साहेब रेषेकडे निघाले. दोन पावलं गेले आणि त्यांना डावा पाय एकदम हलका लागला. चार पावलांवर उजवाही. मागे वळून बघतात तो काय! मैदानाच्या मधोमध दोन तळ उताणे पडलेले, आणि तिथून साहेबांपर्यंत पिवळट चुऱ्याची रांगोळी! थोरले वरून जागच्या जागी होते, लेस बांधलेले, ताठ. खालून मात्र नुसते मोजे.

डबाभाऊ धावत मैदानात घुसले. त्यांनी चिमूटभर चुरा उचलला, खिशातलं भिंग लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे, आतला फोम कुजलाय! इतकी वर्षं घातलाच नाहीस ना, म्हणून! वापरातले बूट टिकतात म्हणे, नुसते ठेवलेले आतून भुसा होतात!"

"घातले असते तर टिकले असते?"

"मला काय विचारतोस? माझे पण..." डबाभाऊंचं वाक्य घशातच अडकलं. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि "माझेऽऽ! माझे पण असतीलऽऽ!" असं ओरडत ते जे फाटकाबाहेर पळाले, ते रिक्षा न थांबवता घरापर्यंत पळतच गेले, असं नंतर कळलं.

इकडे साहेबांच्या हातात कोणीतरी बॉल दिला. साहेबांचं लक्ष होतं तळांकडे. तशाच अवस्थेत त्यांनी बॉल फेकला. बॉल रिंगच्या कडेला जेमतेम चाटून खाली आला तो चिमणीच्या हातात! पोरगी सुटली. बेकरीवाले आडवे आले, त्यांच्या काखेखालून गेली. बँकवाल्या बाई आडव्या आल्या, त्यांना हुलकावणी दिली. दुसऱ्या टोकाला पोचली, उडी मारली, बॉल आत! शिट्टी! सामना खलास!

पोरांनी एकच गिल्ला केला. पण त्याहून मोठ्या टाळ्या पडल्या त्या साहेबांना! "मुलीसाठी मुद्दाम सोडला हो!" "एवढा मोठा खेळाडू, पण आधी बाप!" कोचबाई चक्क डोळे पुसत होत्या. साहेबांनाही वाटलं, चला, थोरले गेले पण नाव राहिलं. त्यांनी नम्रपणे हात जोडले.

आणि समोर चिमणी उभी. बॉल पोटाशी घट्ट धरलेला, खालचा ओठ थरथरतोय.

"मुद्दाम चुकवलंस?"

"नाही गं!"

"सगळे म्हणतायत! प्रॉमिस केलं होतंस तू! मी एकदा, फक्त एकदा खरं जिंकले असते, आणि तू पण सोडलंस मला!" डोळ्यांतून घळाघळा पाणी. साहेबांना बुटांचं दुःख झालं होतं, नाही असं नाही. पण हे बघून त्यांच्या पायाखालची उरलीसुरली जमीनही सरकली.

बायको हाताची घडी घालून मागे येऊन उभी राहिली. "सांगा आता," ती म्हणाली. "मोठ्याने सांगा."

साहेब चिमणीकडे वळले. समोर अख्खी शाळा. "चिमणे, मला बास्केटबॉल येतच नाही."

"खोटं! आता आणखी खोटं बोलतोस!"

"आईशप्पथ! जन्मात खेळलेलो नाही!"

"मग तो न बघता दिलेला पास?"

"बूट वाचवत होतो गं!"

"आणि मधे उभा राहून खेळ वाचत होतास तो?"

"घडी पडू नये म्हणून उभा होतो!"

"आणि तुझी दुखापत?"

"ती दुकानासमोरच्या रांगेत झाली होती!"

चिमणीने नाक पुसलं, बॉल बापाच्या हातात कोंबला आणि रिंगकडे बोट केलं. "टाक. मी म्हणेन तोपर्यंत टाकायचा. आणि मुद्दाम चुकवलास ना, तर मला लगेच कळेल."

आता आली का पंचाईत! नेम तर मनापासून धरायला हवा, आणि देवा, आत मात्र जायला नको! पहिला बॉल बोर्डावरून पलीकडच्या झाडीत गेला. दुसरा हातातून निसटून मागच्या मागे गेला आणि बेकरीवाल्यांच्या पोटावर बसला. तिसरा रिंगच्या जाळीपर्यंतही पोचला नाही. चौथा कुठे गेला ते आजपर्यंत कळलेलं नाही, शाळेने नवा आणला. पाचव्याला मात्र काय बुद्धी झाली कोण जाणे! तो रिंगच्या कडेवर जाऊन बसला आणि गरगर फिरू लागला. एक फेरी. दुसरी फेरी. सगळं मैदान श्वास रोखून बघतंय. साहेबांनी डोळे गच्च मिटले. "नको रे बाबा, नको, नको!"

टप्प! बाहेर!

साहेबांनी जी उडी मारली, तशी उडी संपूर्ण सामन्यात कोणीही मारलेली नव्हती. चवडा पार दुमडून मारली.

चिमणी बघत राहिली. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं, वाढत वाढत कानापर्यंत गेलं. "बाबा! तुला खरंच काही येत नाही!"

"काही म्हणजे काहीच नाही!" साहेब छाती काढून म्हणाले.

"म्हणजे हे गुडघेसुद्धा ठीक आहेत तुमचे?" बेकरीवाले पोट चोळत पुढे आले.

"ठणठणीत!"

"मग मी दर वेळी बॉल तुम्हालाच का देत होतो, अहो!"

ती ताडमाड मुलगी मधेच म्हणाली, "अय्या, मग चिमणे, तू हरवलंस कोणाला? ज्याला येतच नाही त्याला?"

"हो!" चिमणी म्हणाली. "पण खरं खरं हरवलं!"

आणि ती जी सुटली ती मैदानाला फेरी मारतच, दोन्ही हात वर करून, ओरडत, "ऐका होऽऽ! माझ्या बाबाला काऽहीच येत नाही!"

तिने ते इतक्या आनंदाने म्हटलं, की पार मागे बसलेल्यांना शब्द ऐकू गेले नाहीत तरी त्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. आणि मैदानाच्या मधोमध मोज्यांवर उभ्या असलेल्या बूटसाहेबांनी हात उंचावून त्या रुबाबात स्वीकारल्या.